शेततळ्यातल्या बोटुकलीला मर लागलीय, तोंडाला कापूस आणि पाठीवर पांढरे डाग – बॅक्टेरिया आहे का, आणि आता काय करायचं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिक कागदाचं शेततळं, सध्या पाणी साधारण २ मीटर. रोहू, कटला, मृगळ मिळून ८ हजार बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं), दोन-अडीच इंची. गाडीतून १४ तासांचा प्रवास करून आली, दुपारी दीड वाजता सोडली. तिसऱ्या दिवसापासून मर चालू झाली, आज आठवा दिवस, रोज ६०-७० मेलेले वर येतात. पाठीवर पांढरट डाग, तोंडाला कापसासारखं काहीतरी, काहींच्या पोटाखाली लाल ठिपके. दुकानदार म्हणाला फंगस आहे आणि एक बाटली दिली, वर एक अँटिबायोटिकची पुडी पण दिली, ती पाण्यात टाकू का विचारताय.

पुडी पाण्यात टाकू नका. बाटली पण राहू द्या बाजूला. का ते खाली सांगतो, जरा लांबेल.

मी बीज संगोपनात १६-१७ वर्षं आहे, जिऱ्यापासून (अंड्यातून नुकतंच निघालेलं बीज) बोटुकलीपर्यंत वाढवून विकतो, त्यामुळे मेलेली पिल्लं जेवढी बघितलीत तेवढी कुणी बघू नयेत. तुम्ही जे वर्णन केलंय ते, न बघता जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, कॉलमनॅरिसचं दिसतंय. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलमनेर नावाचा बॅक्टेरिया. (२०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी या एकाचे चार वेगळे प्रकार केले आणि त्यातल्या एकाचं नाव तिलापियावरून ओरिओक्रोमिस ठेवलं, पण तळ्यावर उभं राहून आपल्याला त्याने काही फरक पडत नाही.) हा रोग १९२२ पासून नोंदलेला आहे, अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या माशांवर पहिल्यांदा लिहिला गेला. डागावरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर लांब बारीक काड्यांसारखे जिवाणू एकमेकांवर चढून गवताच्या गंजीसारखे खांब करतात, त्या खांबांवरून कॉलमनॅरिस नाव पडलं.

आता याला फंगस का म्हणतात सगळे? कारण तोंडाला लागलं की कापूस चिकटल्यासारखं दिसतं. पण खरी बुरशी, म्हणजे सॅप्रोलेग्निया, तिचे तंतू पाण्यात मासा असताना रुईच्या म्हातारीसारखे मोकळे लांब उभे दिसतात, आणि ती शक्यतो थंड पाण्यात, डिसेंबर-जानेवारीत, जुन्या जखमेवर येते. कॉलमनॅरिसचा थर चपटा असतो, रंग पांढरट-पिवळसर, कडेला कधी कधी लालसर रेघ. आणि जागा बघा कुठली धरतो: पाठीच्या पराच्या खाली दोन्ही बाजूंना, घोड्यावर खोगीर टाकावं तसा डाग. शेपटीच्या मुळाशी. तोंड. आणि कल्ले. याला कोमट पाणी आवडतं, २५ अंशाच्या वर तर फार जोरात चालतो, आणि ऑगस्टमधलं कागदाचं तळं म्हणजे त्याचं माहेरच. बुरशीचं औषध टाकून हा जात नाही, फक्त तुमचे चार दिवस जातात, आणि पिल्लांमध्ये चार दिवस म्हणजे सगळं.

कल्ले मी मुद्दाम शेवटी लिहिलं कारण ते कुणी बघतच नाही. आत्ताच्या आत्ता एक काम करा, कडेला सुस्त फिरणारं, हाताने धरता येईल असं जिवंत पिल्लू घ्या, मेलेलं नको, मेलेल्याचे कल्ले अर्ध्या तासात पांढरे पडतात आणि तुम्ही फसता. कल्ल्याचं झाकण नखाने किंवा लहान कात्रीने उचला. निरोगी कल्ला ताज्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो, कंगव्यासारखे दाते वेगवेगळे दिसतात. कॉलमनॅरिसमध्ये टोकाकडून सडल्यासारखे, मातकट-पिवळे, दाते झडलेले, मधेच एक तुकडा खाल्ल्यासारखा. ज्या लॉटमध्ये अंगावर काहीच नाही पण मर चालू आहे तिथे बऱ्याचदा भानगड कल्ल्यातच असते. अंगावर डाग यायच्या आधीच ते मरतात हो, श्वास घेता येत नाही म्हणून.

पोटाखालचे लाल ठिपके हे दुसरं प्रकरण. ते बहुतेक एरोमोनास, हा दुसरा बॅक्टेरिया. एरोमोनास हायड्रोफिला प्रत्येक तळ्यात असतो, तुमच्याही, माझ्याही, त्याला बाहेरून कुणी आणावं लागत नाही. धडधाकट माशाला तो काही करत नाही. मासा खरचटला, दमला, की आत शिरतो आणि मग रक्तात पसरतो, त्याची खूण म्हणजे पोटाखाली आणि परांच्या मुळाशी लाल चट्टे, विष्ठेची जागा लाल आणि सुजलेली, पर झिजून फाटके. जरा दिवस गेले की पोटात पाणी भरतं, डोळे बाहेर येतात आणि खवले अननसासारखे उभे राहतात, ज्याला ड्रॉप्सी म्हणतात. ड्रॉप्सी झालेलं पिल्लू वाचत नाही, ते बाहेर काढा आणि पुरा, त्याच्यावर औषध घालवू नका. एक गोष्ट लक्षात घ्या, खूप लहान पिल्लं, म्हणजे जिऱ्याच्या पुढची पाऊण-एक इंची, यातलं काहीच दाखवत नाहीत. त्यांना ड्रॉप्सी व्हायलाही वेळ मिळत नाही. त्यांच्यात खूण एकच, काल संध्याकाळी खाद्यावर तुटून पडत होती आणि आज पडत नाहीत. ती खूण ज्याने पकडली त्याने दोन दिवस आधी पकडलं. म्हणून मी खाद्य टाकायला कधी गडी पाठवत नाही, स्वतः जातो, पाच मिनिटं उकिडवं बसून बघतो.

तुमच्याकडे हे कशाने झालं? दुकानदार बॅक्टेरिया म्हणेल, बीजवाला तुमचं पाणी म्हणेल. माझ्या मते तिसऱ्या दिवशी मर सुरू होणं यातच उत्तर आहे. बीज निघताना जाळ्यात, हाप्यात (पाण्यात बांधलेला जाळीचा पिंजरा), पिशवीत घासलं, अंगावरचा बुळबुळीत थर गेला. त्यात १४ तास पिशवीत. त्यात दुपारी दीडला, पिशवीतलं पाणी गाडीतलं आणि तळ्याचा वरचा थर तापलेला, थेट ओतलं. मग ४८ ते ७२ तासांत कॉलमनॅरिस उठणं हे ठरलेलं आहे, घड्याळ लावल्यासारखं. पाणी खराब असतं तर मर असल्या वेळेला आणि अशा पद्धतीने आली नसती, सगळ्या आकाराच्या माशांत एकदम आली असती, पहाटे. बीजवाल्याने पॅकिंगच्या आधी बीज हाप्यात २४ तास उपाशी ठेवलं होतं का ते विचारा त्याला. नसेल ठेवलं तर पोटातली घाण पिशवीत पडते आणि मग काही खरं नसतं.

आणि हो, ८ हजार. दादा, मिश्र मत्स्यशेतीला हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली ही नेहमीची शिफारस आहे. तुमचं पाणी पृष्ठभागावर जेमतेम ७ गुंठे भरतं, हवा देणारं यंत्र नाही. म्हणजे मोठे मासे करायचे तर ५००-७००. आठ हजार फक्त संगोपनाला ठीक, म्हणजे बोट-दीड बोट वाढवून पुढे विकायचे असतील तर. मोठे करायचे डोक्यात असेल तर हा रोग गेल्यावर दुसरा येणार, गर्दीत एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. पण तो विषय मर थांबल्यावर, आत्ता नाही.

आता काय करायचं ते.

आज आणि उद्या खाद्य पूर्ण बंद. लोकांना हे जमत नाही, पिल्लं उपाशी मरतील वाटतं. नाही मरत. दोन दिवस बोटुकली आरामात राहते, उलट न खाल्लेलं खाद्य खाली कुजून अमोनिया करतं आणि कागदाच्या तळ्यात तो शोषायला चिखल पण नसतो. नंतर दोन-तीन दिवस नेहमीच्या तिसरा हिस्सा, खातात तेवढंच. मेलेली पिल्लं दिवसातून दोनदा गाळणीच्या जाळीने काढा आणि मोजा. वहीत आकडा लिहा. ६८, ७१, ५५ असा आकडा समोर असला की उपाय लागू पडतोय का ते कळतं, नाहीतर "आज जरा कमी वाटतायत" यावरच चालतं सगळं. ती मेलेली पिल्लं बांधावर फेकू नका, बगळे आणि कुत्री शेजारच्या तळ्यावर नेऊन टाकतात, चुना घालून पुरा.

पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर खालचं पाणी चौथाई काढून नवीन भरा, पण सावकाश, एका दिवसात नाही, आणि बोअरचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पडू द्या, त्यात ऑक्सिजन नसतो. मोटर लावून तळ्यातलंच पाणी तळ्यात परत मारलं रात्री १२ ते ६ तरी चालेल.

मग पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतो ते. बाहेरच्या अंगावरच्या आणि कल्ल्यावरच्या कॉलमनॅरिसला हे लागू पडतं, रक्तात गेलेल्या एरोमोनासला नाही. डोस २ पीपीएम, म्हणजे १००० लिटरला २ ग्रॅम. आणि इथेच मी स्वतः एकदा पिल्लं मारलीत म्हणून थांबून सांगतो.

माझं पहिलं शेततळं पण ३० बाय ३० बाय ३ होतं, योजनेतलं असतं तसंच. मी सरळ गुणाकार केला, २७०० घनमीटर, २ पीपीएमने ५ किलो ४०० ग्रॅम. टाकलं सगळं सकाळी, पाणी वांग्याच्या रंगाचं झालं, दुपारपर्यंत पिल्लं बाजूला पडायला लागली आणि संध्याकाळी जी रोगाने मेली नसती ती पण मेली. चूक काय तर शेततळ्याच्या भिंती तिरक्या असतात. काळ्या जमिनीत उतार १ ला दीड धरतात, म्हणजे वर ३० असलं तरी तळाला २१ बाय २१ च राहतं. काठोकाठ भरलं तरी १९७० घनमीटरच्या आसपास पाणी बसतं, २७०० नाही. आणि काठोकाठ कुठलं भरतंय? २ मीटर पाणी असेल तर वरची बाजू २७ मीटर येते आणि हिशोब ११५० च्या आसपास जातो. म्हणजे तुमच्या तळ्याला २ पीपीएमने साधारण २ किलो ३०० ग्रॅम लागेल, बास. मी माझ्या पाण्याला दुपटीपेक्षा जास्त टाकलं होतं. तुमचा उतार वेगळा असेल तर टेपने मोजा, काठीने खोली बघा, अंदाजाने नको.

टाकायची पद्धत: बादलीत पूर्ण विरघळवा, खडे राहू देऊ नका, पिल्लं खडा खायला जातात. सकाळी ८ च्या सुमाराला चारही बाजूंनी शिंपडा. पाणी गुलाबी राहिलं पाहिजे ८ ते १२ तास. तासाभरातच चहासारखं तपकिरी झालं तर समजायचं शेवाळ आणि घाणीनेच औषध खाल्लं, मग दुसऱ्या दिवशी परत अर्धा डोस, पण एकदम दुप्पट नाही. त्या रात्री पाणी हलतं ठेवाच, कारण शेवाळ मरतं आणि पहाटे ऑक्सिजन पडतो. फॉर्मॅलिन वगैरे सोबत अजिबात मिसळू नका. आणि पाणी हिरवं गर्द असेल तर कुणी सांगितलं म्हणून दुपारी चुना टाकू नका. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी ९ पर्यंत जातो, चुन्याने अजून चढतो, आणि ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला शंभरात एक भाग सुद्धा विषारी नसतो तोच पीएच ९ ला जवळपास ४५ भाग विषारी होतो. चुना टाकला आणि मासे मेले असं जे लोक सांगतात ना, ते हे आहे.

मिठाची अंघोळ घालू का असं पण कुणीतरी सुचवेल. मीठ चांगलंच आहे, पण त्यासाठी तळ्यात जाळं ओढून ८ हजार पिल्लं धरणार, परत घासणार, आणि ज्याने रोग आला तेच परत करणार. सोडताना करायचं काम ते, आता नाही.

आता अँटिबायोटिकची पुडी. हिशोबच करून बघा. तुमची पिल्लं ३ ग्रॅमची धरली तर ८ हजारांचं वजन २४ किलो. ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या किलोमागे रोज ५० ते ७५ मिलिग्रॅम, १० दिवस, खाद्यातून. वरचा आकडा धरला तरी २४ किलोला रोज १८०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम सुद्धा नाही, शुद्ध औषध. (पुडीवर किती टक्के लिहिलंय ते बघून गुणायचं.) आणि लोक अर्धा किलो पावडर साडेअकरा लाख लिटर पाण्यात भिरकावतात. त्याने माशाला काही पोचत नाही, पाण्यातले बॅक्टेरिया तेवढे त्या औषधाला सरावतात, आणि पुढच्या वर्षी खरंच गरज पडेल तेव्हा ते चालत नाही. खाद्यातून द्यायचं म्हटलं तरी आजारी पिल्लू खातच नाही, औषध पोचतं ते अजून खाणाऱ्याला. म्हणजे ते उपचारापेक्षा उरलेल्यांना वाचवण्याचं काम आहे, आणि निम्म्यांनी खाणं सोडल्यावर सुरू केलं तर उपयोग नाही. त्यातही आधी प्रयोगशाळेतून कुठलं औषध चालतंय ते तपासून, मत्स्य किंवा पशुवैद्यकीय डॉक्टरच्या सल्ल्यानेच. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं माशांना द्यायला पूर्ण बंदी आहे, कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली. पुडीवर नाव नीट छापलेलं नसेल तर ती परत करून पैसे मागा.

तपासणीला कुठे? आपल्याकडे नागपूर आणि उदगीरला माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) मत्स्य विज्ञान महाविद्यालयं आहेत, कोकणात रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पण सांगा. २०२३ मध्ये केंद्राने रिपोर्ट फिश डिसीज नावाचं ॲप काढलंय, त्यात फोटो टाकून कळवता येतं. नमुना म्हणजे पिशवीत भरलेली मेलेली सडकी मासळी नव्हे. आजारी पण जिवंत ८-१० पिल्लं, सोबत २-४ धडधाकट दिसणारी, तळ्याच्याच पाण्यात ऑक्सिजन भरून. तेवढं लांब जमत नसेल तर नुकतीच मेलेली बर्फावर, पण बर्फाचं पाणी लागणार नाही अशा वेगळ्या पिशवीत, गोठवायची नाहीत. आणि पाण्याची बाटली वेगळी. परमँगनेट टाकायच्या आधी नमुना काढा, नंतर काढला तर काहीच उगवत नाही तिथे.

तुमचं चित्र वर सांगितलं त्याच्याशी जुळत नसेल तर या दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. पिल्लं फक्त पहाटे वर तोंड काढतात आणि ९ वाजता खाली जातात, तर तो ऑक्सिजन, रोग नाही. दिवसभर वर आहेत, पाणी पडतं तिथे गोळा होतात, तर कल्ले, नाहीतर अमोनिया. कागदाला अंग घासतायत, मधेच चमकून उडी मारतायत, तर परजीवी: भिंग घेऊन बघा, चपटी पारदर्शक मसुरीच्या डाळीएवढी ऊ म्हणजे आर्ग्युलस. ती जिथे टोचते तिथूनच एरोमोनास आत जातो, मग ऊ तशीच ठेवून अँटिबायोटिक घालत बसलात तर आयुष्यभर घालाल. कटला-रोहूच्या कल्ल्यावर पांढरे मोहरीसारखे दाणे असतील तर तो मिक्सोबोलस नावाचा परजीवी, त्यावर कुठल्याही अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. थंडीत अंगावर खोल गोल जखमा पडल्या तर ती ईयूएस (व्रणांचा साथीचा रोग), ती बॅक्टेरियाने सुरू होत नाही, त्याला भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यपालन संशोधन संस्थेचं सीफॅक्स हे औषध मिळतं. पंगस मासा असता तर मी पोट फाडून बघायला सांगितलं असतं, कारण व्हिएतनाममध्ये पंगसच्या पिल्लांना एडवर्डसिएला इक्टालुरी लागतो त्यात बाहेरून काही दिसत नाही, आत मूत्रपिंड, यकृत आणि प्लीहेवर पांढरे ठिपके असतात. चिलापी (तिलापिया) गोल गोल गिरक्या घेत डोळे बाहेर आलेली दिसली तर स्ट्रेप्टोकोकस बॅक्टेरिया. तुमच्याकडे दोन्ही नाहीत म्हणून सोडून देतो. हां, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला मेलेले काढताना, एरोमोनास माणसाच्या जखमेत पण जातो.

पुढची खेप आणाल तेव्हा एवढं करा. पहाटे पोचेल अशी गाडी ठरवा. पिशव्या न उघडता १५-२० मिनिटं तळ्यावर सावलीच्या बाजूला तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका, बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पाणी आंबट झालेलं असतं म्हणून साठलेला अमोनिया बाधत नाही, तोंड उघडलं की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा तळ्याचं पाणी तांब्या-तांब्याने दहा मिनिटांत मिसळा आणि पिल्लं बारीक जाळीने मिठाच्या टपात घ्या, १० लिटरला २०० ग्रॅम जाडं मीठ, एक-दीड मिनिट, कुठलंही पिल्लू कलंडायला लागलं की लगेच बाहेर. मग तळ्यात लावलेल्या हाप्यात. पिशवीतलं पाणी बांधाच्या पलीकडे ओता. हाप्यात शंभर पिल्लं मोजून तीन दिवस वेगळी ठेवा, त्यातली किती मेली त्यावरून बीजवाल्याशी बोलता येतं, नाहीतर तो म्हणतो तळ्यात किती मेली ते तुम्हाला काय माहिती.

आज कल्ले बघितले की रंग काय दिसला ते कळवा, आणि उतार किती धरलाय तो आकडा पण, परमँगनेट विकत आणायच्या आधी.